भांड्यांचं लिक्विड गढूळ झालं, पातळ राहिलं? आधी मिठाची पुडी बाजूला ठेवा

घरी भांडी घासायचं लिक्विड (डिशवॉश) बनवताना बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी घसरते. संध्याकाळी बादलीत सगळं मिसळून होतं. लिक्विड अजून कोमट असतं, म्हणून पाण्यासारखं पातळ दिसतं. मग एक मूठ मीठ पडतं. थोडं दाटल्यासारखं वाटतं, म्हणून आणखी एक मूठ. सकाळी झाकण उघडावं तर एक तर खळीसारखा गोळा झालेला असतो, नाहीतर वर जाड तेलकट थर आणि खाली पाणी असं दुभंगलेलं असतं. मग त्यात पाणी, त्यावर परत मीठ, वर थोडा खायचा सोडा, आणि बॅच हाताबाहेर जाते.

गढूळपणाची कारणं पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. काही उपाय तर एकमेकांच्या उलट आहेत. त्यामुळे कारण सापडेपर्यंत बादलीला हात लावायचा नाही, जे काही करून पाहायचं ते १०० ग्रॅमच्या वाटीत.

बोलायला एक पाया हवा म्हणून १० किलोची ही कृती धरू. बचत गटांपासून घरगुती विक्रेत्यांपर्यंत बहुतेकांची कृती थोड्याफार फरकाने अशीच असते.

अ‍ॅसिड स्लरी (साफ करणारं मुख्य रसायन, आम्ल रूपात; ९६ टक्के) ८०० ग्रॅम
कॉस्टिक सोडा फ्लेक्स (स्लरीचं आम्ल मारायला) सुमारे ११० ग्रॅम
एसएलईएस पेस्ट (फेस देणारं रसायन, ७० टक्के) ५०० ग्रॅम
सीएपीबी (फेसाला साथ देणारं सौम्य रसायन, ३० टक्के) २०० ग्रॅम
ईडीटीए डायसोडियम (पाण्याचा जडपणा बांधून ठेवणारी पूड) १० ग्रॅम
प्रिझर्व्हेटिव्ह (जंतू रोखणारं सीएमआयटी-एमआयटी, १.५ टक्केवालं) १० ग्रॅम
लिंबाचा परफ्यूम २० ग्रॅम
मीठ १०० ते २०० ग्रॅम, वाटीत तपासून ठरेल तेवढं
रंग चिमूटभर, पाण्यात विरघळवून
बाकी पाणी, एकूण १० किलो होईपर्यंत

सगळं वजनावर घ्या, मापाच्या ग्लासवर नको. स्लरी आणि पेस्ट ग्लासात मोजल्या की ग्लासालाच चिकटून राहतात, आणि ५० ग्रॅमचा फरक कळतही नाही.

स्लरी आणि कॉस्टिक दोन्ही कातडी जाळतात. रबरी हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा, पोरंबाळं लांब ठेवा. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. भांडं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिक खातं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो.

पीएच आधी, बाकी सगळं नंतर

११० ग्रॅम कॉस्टिक अर्धा लिटर पाण्यात विरघळवून गार होऊ द्या. दुसरीकडे बादलीत ५ लिटर पाणी घेऊन त्यात आधी ईडीटीए विरघळवा, मग स्लरी बारीक धारेने सोडत लाकडी किंवा प्लास्टिकच्या काठीने हळू ढवळा. नंतर कॉस्टिकचं पाणी थोडं थोडं घाला, पण शेवटचं ५० मिली हातात राखून ठेवा. आता पीएच (आम्ल-अल्कलीचा आकडा, ७ म्हणजे मधोमध) पट्टीने तपासा. दाट लिक्विडमध्ये पट्टी थेट बुडवली तर रंग नीट उमटत नाही. एक चमचा लिक्विड नऊ चमचे आरओच्या पाण्यात मिसळून त्यात बुडवा. ७ ते ७.५ आला की थांबा. कमी असेल तर राखून ठेवलेलं कॉस्टिक थेंबाथेंबाने घाला.

कॉस्टिकच्या आकड्यामागे ‘सुमारे’ लिहिलंय ते उगाच नाही. दुकानात स्लरी दोन प्रकारची मिळते, ९० आणि ९६ टक्क्यांची. लोकांना वाटतं फरक फक्त सहा टक्के ताकदीचा. पण ९० टक्केवालीत मोकळं सल्फ्युरिक अ‍ॅसिड बरंच जास्त असतं, सहा-सात टक्क्यांपर्यंत. ते धरलं तर ८०० ग्रॅमला ११० नव्हे, १३० ते १३५ ग्रॅम कॉस्टिक लागतं. शिवाय त्या अ‍ॅसिडचं कॉस्टिकशी मिळून सोडियम सल्फेट होतं, १० किलोच्या बॅचमध्ये ७० ते ७५ ग्रॅम. हेही एक क्षारच. त्यातला सोडियम जवळजवळ ६० ग्रॅम मिठाइतका भरतो. म्हणजे मिठाची पुडी उघडण्याआधीच निम्मं मीठ आत गेलेलं असतं. मागच्या वेळी १५० ग्रॅम मिठात छान झालं होतं आणि या वेळी तेवढ्यातच फाटलं, तर आधी स्लरीच्या कॅनवरचा आकडा बघा.

पीएच ५-६ वर राहिलं तर लिक्विड तपकिरी-धुरकट दिसतं, मिठाला नीट दाद देत नाही आणि हाताला चुरचुरतं. ९ च्या वर गेलं तर हात कोरडे पडतात आणि प्रिझर्व्हेटिव्ह हळूहळू निकामी होतं, कारण सीएमआयटी आठच्या वरच्या पीएचला टिकत नाही. चढलेलं पीएच उतरवायला सायट्रिक अ‍ॅसिडचं १० टक्के पाणी पुरतं. लिंबू पिळू नका. त्यातला गर आणि साखर आठवड्यात कुजते.

एसएलईएसचे गोळे

पेस्ट पाण्यात टाकली आणि जोरात घुसळली की माशाच्या डोळ्यांसारखे अर्धपारदर्शक गोळे तरंगत राहतात. ७० टक्क्यांची पेस्ट पाणी पिताना मधल्या टप्प्यावर मूळ पेस्टपेक्षाही घट्ट जेल होते. गोळ्याभोवती त्या जेलचं कवच तयार झालं की आत पाणी शिरत नाही. ड्रिल मशीन लावून घुसळलं तर गोळे तसेच राहतात आणि फेस मात्र बादलीबाहेर येतो.

पेस्ट लिंबाएवढ्या तुकड्यांनी, भरपूर पाण्यात, हळू ढवळत घाला. घाई नसेल तर सोपी युक्ती आहे: पेस्ट आणि पाणी एकत्र करून झाकून रात्रभर ठेवा, सकाळी चार फेऱ्यांत एकजीव होतं. गोळे राहिलेच तर बादली ४५ अंशांच्या आसपास कोमट पाण्याच्या टबात तासभर ठेवा. गाळून फेकू नका, तो तुमचाच पैसा आहे.

एसएलईएसच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. काही दुकानांत २८ टक्क्यांचं पातळ एसएलईएस मिळतं, स्वस्त दिसतं म्हणून घेतलं जातं आणि तेही ५०० ग्रॅमच टाकलं जातं. ७० टक्केवाल्या ५०० ग्रॅममध्ये ३५० ग्रॅम खरा माल (फेस आणि सफाई करणारं रसायन) असतो, २८ टक्केवाल्यात फक्त १४०. मग कितीही मीठ घाला, दाटपणा येत नाही. तेवढाच माल हवा तर २८ टक्क्यांचं १२५० ग्रॅम घ्या आणि पाणी ७५० ग्रॅमने कमी करा.

गढूळ झालंय: पाच वाट्या मांडा

सगळ्यात आधी एक रात्र थांबा. ढवळताना अडकलेली बारीक हवा लिक्विडला दुधाळ करते, आणि दाट लिक्विडमधून ती वर यायला १२ ते २४ तास घेते. बाटलीमागे मोबाईलचा टॉर्च धरला की बुडबुडे वेगळे ओळखू येतात: ठिपके चमकतात आणि वरून खाली स्वच्छ होत जातात. खरा गढूळपणा सगळीकडे सारखा असतो, ठिपके दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर प्रत्येकी १०० ग्रॅम लिक्विड पाच वाट्यांत काढा. काचेच्या वाट्या असतील तर उत्तम.

पहिली तशीच राहू द्या, तुलनेसाठी.

दुसरी गरम पाण्यात ठेवा, साधारण ४० अंश, म्हणजे हाताला सोसेल इतकं. दहा-पंधरा मिनिटांत काचेसारखी स्वच्छ झाली आणि गार झाल्यावर परत धुरकटली, तर एक तर थंडी आहे किंवा मीठ जास्त आहे. यातलं नेमकं कोणतं, ते तिसरी वाटी सांगते.

तिसऱ्या वाटीत १० ग्रॅम आरओचं पाणी घालून हळू ढवळा. इथे गंमत बघण्यासारखी असते. पाणी घातल्यावर लिक्विड पातळ व्हायला हवं. ते उलट दाट झालं आणि स्वच्छही झालं, तर मीठ नक्की जास्त झालंय. पातळ झालं आणि गढूळपणा तसाच राहिला, तर मिठाचा दोष नाही.

चौथीत ईडीटीएचं ५ टक्के पाणी २ ग्रॅम घाला, कोमट करा आणि दोन-तीन तास ठेवा. स्वच्छ झालं तर दोष जड पाण्याचा.

पाचवीत सीएपीबीचे १ ते २ ग्रॅम मिसळा. धूसरपणा गेला तर परफ्यूम नीट विरघळलेला नाही.

पाचही वाट्या सारख्याच गढूळ राहिल्या तर कारण यापलीकडचं आहे. त्याबद्दल पुढे.

पाणी: नळाचं, बोअरचं, टँकरचं

नाशिकमध्ये एकच कृती पंचवटीत स्वच्छ येते आणि शहराच्या कडेच्या नव्या सोसायटीत दुधाळ होते, याला कारण पाणी. महापालिकेचं पाणी गंगापूर, मुकणेसारख्या धरणांतलं, म्हणजे पृष्ठभागावरचं आणि तुलनेने हलकं. बोअरचं पाणी इथल्या काळ्या बसाल्टच्या भेगांतून येतं आणि सोबत कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. टँकरवाल्याने पाणी कुठून भरलं ते तोच जाणे.

जड पाणी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात अंगाच्या साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि हलवा. भरघोस फेस आला तर पाणी हलकं. फेस बसून पाण्यावर पांढरी साय धरली तर जड. आकडा हवा असेल तर फिशटँकच्या दुकानात कडकपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात.

अ‍ॅसिड स्लरीपासून झालेला माल कॅल्शियमशी जुळला की न विरघळणारा पांढरा क्षार होतो. तोच तो दुधाळपणा. एसएलईएस हे बरंच सोसतं, स्लरी सोसत नाही. आकडा कळला की हिशोब सोपा आहे: लिटरमागे १०० मिलिग्रॅम कडकपणा बांधायला डायसोडियम ईडीटीए जवळजवळ ३७० मिलिग्रॅम लागतं. बॅचमध्ये ८ लिटर पाणी आणि कडकपणा ३०० असेल तर ९ ग्रॅम, म्हणजे कृतीतले १० ग्रॅम पुरतात. कडकपणा ६०० असेल तर १८ ग्रॅम लागतील. ‘चिमूटभर ईडीटीए’ म्हणणाऱ्यांची कृती त्यांच्याच नळावर चालते.

ईडीटीए पाण्यात सगळ्यात आधी जायला हवं, स्लरीच्या आधी. एकदा कॅल्शियमचा साका तयार झाला की तो परत विरघळायला तास-दोन तास आणि ऊब लागते. चौथ्या वाटीत उशीर लागतो तो त्यामुळेच. ईडीटीए कॅल्शियम धरताना थोडं आम्ल सोडतं, म्हणून नंतर घातलं तर पीएच पुन्हा तपासा.

आरओचं शुद्ध पाणी उत्तम, एसीचं थेंबथेंब जमवलेलं पाणीही चालतं. पण आरओचं बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी ‘नाहीतरी फुकटच जातंय’ म्हणून वापरू नका. मूळ पाण्यातले क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

मिठाची कमान

मिठाने लिक्विड दाटतं, कारण पाण्यात फेसाळ मालाचे अदृश्य गोळे तरंगत असतात. मिठातला सोडियम त्यांना जवळ यायला मदत करतो, ते लांबट होतात, शेवयांसारखे एकमेकांत गुंततात, आणि लिक्विड संथ होतं. आणखी मीठ घातलं की त्या शेवयांना फाटे फुटतात, गुंता सैल पडतो आणि लिक्विड पुन्हा पातळ होतं. त्याही पुढे गेलं की माल पाण्यातून वेगळाच निघतो. म्हणजे दाटपणा मिठाबरोबर चढतो, एका टोकाला पोचतो आणि उतरतो. कमानीच्या दोन्ही बाजूंना लिक्विड पातळच दिसतं, म्हणून नुसत्या डोळ्यांनी कळत नाही की अजून मीठ हवंय की जास्त झालंय. तिसऱ्या वाटीचं काम हेच.

कमानीचं टोक शोधायची रीत अशी. २५० ग्रॅम मीठ ७५० ग्रॅम पाण्यात विरघळवा. या पाण्याच्या ४ ग्रॅममध्ये १ ग्रॅम मीठ. मीठ न घातलेलं, पण परफ्यूम-रंग घातलेलं आणि पूर्ण गार झालेलं लिक्विड १०० ग्रॅमच्या सहा वाट्यांत घ्या. त्यात मिठाचं पाणी अनुक्रमे २, ४, ६, ८, १० आणि १२ ग्रॅम घाला. पहिल्या पाच वाट्यांत साधं पाणी घालून सगळ्यांत एकूण १२ ग्रॅमची भर होईल असं करा, म्हणजे तुलना बरोबरीची राहते. मीठ झालं ०.५ टक्क्यापासून ३ टक्क्यांपर्यंत. तासाभराने प्रत्येक वाटीत चमचा बुडवून उचला.

पहिल्या वाटीत थेंब टपटप पडतात. मधल्या कुठल्यातरी वाटीत धार लांबते, चमच्यापासून वाटीपर्यंत एकतारी पाकासारखी तार धरते आणि तुटताना परत वर उडी मारते. त्यानंतरच्या वाटीत तार आखूड होते, पुढच्यात पुन्हा टपटप, आणि शेवटच्यात कदाचित धूसर. तार धरणारी वाटी हे टोक. पण बॅच टोकावर नेऊन ठेवू नका, त्याच्या थोडं अलीकडे थांबा. टोक २ टक्क्यांवर आलं तर १.५ ते १.७ टक्के घ्या. टोकावरचं लिक्विड हवामान जरा बदललं की लगेच नाटकं करतं.

तेवढं मीठही पाण्यात विरघळवूनच घाला, कोरडं नको. कोरडा खडा जिथे पडतो तिथे क्षणभर मिठाचा कडेलोट होतो, माल फाटून पांढरे डाग धरतात, ते मग लवकर एकजीव होत नाहीत. जेवणातलं आयोडीनवालं बारीक मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात न विरघळणारी पूड मिसळलेली असते, तिचाही धूसरपणा येतो. खडे मिठात माती आणि मॅग्नेशियम. स्वस्त पडतं म्हणून खडे मीठ घ्यायचंच असेल तर त्याचं पाणी रात्रभर निवळू द्या आणि वरचंच, फडक्यातून गाळून घ्या.

मीठ जास्त झालेली बॅच वाचते, पण त्यासाठी मीठ नसलेली नवी बॅच करावी लागते. १० किलोत ३ टक्के मीठ गेलंय आणि हवं होतं २, तर बिनमिठाचं ५ किलो लिक्विड त्यात मिसळा: ३०० ग्रॅम मीठ १५ किलोत वाटलं गेलं की बरोबर २ टक्के. नुसतं पाणी घालूनही गढूळपणा जाईल, पण मालाचा जोरही जाईल.

सीएपीबीमध्ये स्वतःचं मीठ असतं, साधारण पाच टक्के. ते वाढवलं की बाहेरचं मीठ कमी करा. सीडीईए (दाटपणा वाढवणारं रसायन) १ ते २ टक्के घातलं तर कमानीचं टोक बरंच अलीकडे येतं, पीएच मात्र चढतं. आणि स्लरीऐवजी एओएस (दुसरं फेसाळ रसायन) वापरून कृती बसवली असेल तर मिठावर फार भरवसा ठेवू नका. एओएस एकटं मिठाने सहजी दाटत नाही, त्याला एसएलईएस आणि सीएपीबीची सोबत लागते.

परफ्यूम मिठाच्या आधी घालायचा, हे अनेक कृतींत उलटं लिहिलेलं असतं. परफ्यूममधलं तेल आणि ते पातळ करायला वापरलेलं द्रावण दाटपणा बदलतं, बहुतेक वेळा कमी करतं. आधी मिठाने दाट करून मग परफ्यूम ओतला की लिक्विड ‘अचानक’ पातळ होतं आणि पुन्हा मिठाची मूठ पडते. परफ्यूम थेट बादलीतही नको. वाटीत परफ्यूमच्या पाच-सहापट सीएपीबीत घोटून एकजीव करा आणि मग ओता. २० ग्रॅमने वास कमी वाटला तर ३० पर्यंत जा, त्यापुढे धूसरपणाशी गाठ आहे.

डिसेंबरचा धूर, मेचं पाणी

थंडीच्या लाटेत नाशिकजवळच्या निफाडकडे पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, नाशिक शहरातही नऊ-दहा अंशांची पहाट येते. स्लरीचा माल गार पाण्यात कमी विरघळतो. ओट्यावरची बाटली सकाळी धुरकट, दुपारी उन्हाची तिरीप आली की पुन्हा नितळ. हा दोष नाही, पण गिऱ्हाईक परत आणून देतं. तिसऱ्या वाटीत पाणी घालून दाटपणा वाढला नसेल आणि दुसरी वाटी उबेने स्वच्छ झाली असेल, तर हेच कारण.

उपाय दोन. एक, नोव्हेंबरपासून कृती बदला: स्लरी ८०० ऐवजी ६०० ग्रॅम, कॉस्टिक त्या प्रमाणात सुमारे ८० ग्रॅम, आणि एसएलईएस ५०० वरून ७५० ग्रॅम. खर्च वाढतो, पण थंडीतला धूर जातो. दुसरा स्वस्त उपाय म्हणजे २ ते ३ टक्के युरिया. तो माल विरघळवून धरतो, पण दाटपणा खातो, म्हणून मिठाची कमान पुन्हा तपासावी लागते. युरियाची खोड अशी की उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये महिना-दोन महिने पडून राहिला की हळूहळू फुटतो, पीएच चढतं आणि अमोनियाचा वास येतो. हिवाळ्यापुरता ठीक.

विकायचं असेल तर प्रत्येक बॅचची छोटी बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बघा. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि ती बाटली सरबताची किंवा पाण्याची नसावी. फ्रिजमध्ये गढुळली आणि खोलीत तासाभरात पूर्ण निवळली तर एवढं चालून जातं. निवळलीच नाही तर कृती बदला.

उन्हाळ्यात उलटं. ४० अंशांना तेच लिक्विड पाण्यासारखं वाहतं. म्हणून दाटपणा मोजायचा तो नेहमी एकाच तापमानाला. घरचा उपाय: सारख्याच आकाराच्या बाटल्या तोंडापासून दोन बोटं रिकाम्या ठेवून भरा, बुचं लावा, एकदम उलट्या करा आणि हवेचा बुडबुडा वर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. शेजारी बाजारातल्या पसंतीच्या लिक्विडची तशीच बाटली ठेवा. दोन्ही बाटल्या आधी २५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास.

दाट म्हणजे जोरदार, हा समज मात्र सोडून द्या. गवार गमने (गवारीच्या बियांचा डिंक) नुसत्या पाण्यालाही दाट करता येतं. खरी परीक्षा मिसळीच्या तर्रीची: काळ्या मसाल्याची लालभडक तेलकट वाटी, स्पंजवर मोजून ५ मिली लिक्विड, आणि फेस मरेपर्यंत किती वाट्या निघतात ते मोजायचं. दोन बॅचची तुलना अशी केली की कुठली नुसतीच दाट आहे ते कळतं.

फार दाट, लोंबणारं, बाटलीतून न पडणारं लिक्विड असेल तर एक टक्का युरिया किंवा एक-दोन टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल पुरतं. आधी अर्थात वाटीत.

पाचही वाट्या गढूळच राहिल्या तर

चार शक्यता. पहिली, लिक्विड करून दहा-पंधरा दिवस झालेत, ते दिवसेंदिवस धूसर होतंय, आंबूस किंवा कुजकट वास येतोय आणि पातळ होतंय. हे जंतू. प्रिझर्व्हेटिव्ह कमी पडलं, किंवा ४० अंशांवर गरम असताना घातलं, किंवा त्या जागी सोडियम बेंझोएट वापरलं. बेंझोएट लोणच्यात चालतं कारण लोणचं आंबट असतं. पीएच ७ ला ते जवळजवळ काहीच करत नाही. ही बॅच वाचत नाही.

दुसरी, ‘हात मऊ राहावेत’ म्हणून कोणी कपड्यांचा सॉफ्टनर, केसांचा कंडिशनर किंवा फिनाईलसाठी आणलेलं बीकेसी (जंतुनाशक) त्यात घातलंय. ही विरुद्ध विद्युतभाराची रसायनं. फेसाळ मालाशी मिळून ती दूध फाटल्यासारखा चोथा करतात. यालाही उपाय नाही.

तिसरी, स्लरी जुनी किंवा भेसळीची. अर्धवट झालेल्या मालातलं न विरघळणारं तेल वर धूसर राहतं. नव्या कॅनमधली १० ग्रॅम स्लरी ९० ग्रॅम आरओच्या पाण्यात, कॉस्टिकने पीएच ७ करून आधीच बघून ठेवा. तिथेच गढूळ असेल तर कॅन परत.

चौथी, दाटपणासाठी घातलेलं सीएमसी (सेल्युलोजचा डिंक) किंवा गवार गम. ते बहुतेक वेळा पारदर्शक होत नाही आणि कोरडं टाकलं तर गुठळ्या धरतं. पारदर्शक हवं असेल तर ते वापरू नका.

रिठ्याचं घरगुती पाणी या सगळ्यात बसत नाही. ते मुळातच तपकिरी-धूसर असतं आणि मिठाने दाटत नाही. दाट हवं तर ०.३ ते ०.५ टक्के झँथन गम थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवून घाला, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.

फसलेल्या बॅचचं काय करायचं? मीठ जास्त झालेली, थंडीने धुरकटलेली, परफ्यूमने धूसर झालेली बॅच स्वच्छतेच्या कामाची असतेच. पाचपट पाणी घालून फरशी, मोरी, गाडी धुवायला काढा. जंतू पडलेली बॅच मात्र भरपूर पाणी सोडून मोरीत ओता. ती बादली आणि काठी उकळत्या पाण्याने धुवून उन्हात वाळवल्याशिवाय पुढच्या बॅचला घेऊ नका, नाहीतर तेच जंतू नव्या लिक्विडमध्ये जातील.